दिव्यावरची वीतभर जागा

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. बाळंतिणीच्या खोलीतली गोष्ट बारशापर्यंत उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नसते, असं मनुबाई म्हणते. मनुबाई म्हणजे बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई. आईनं तर मला देव्हाऱ्यापुढं उभं करून कबूल करून घेतलं. मी मान हलवली. मी नेहमी मानच हलवते, त्यामुळं सगळ्यांना वाटतं की मला सगळं पटतं.

बारसं उद्या आहे. पण उद्यापर्यंत थांबायची मला भीती वाटते.

आत्ता दुपार आहे. मी बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले आहे आणि आक्काचं बाळ माझ्या मांडीवर झोपलं आहे. डावा हात त्याच्या मानेखाली आहे. उजव्या हातानं लिहिते आहे. समोर आतल्या खोलीचं दार आहे. ते बंद आहे आणि आप्पांनी बाहेरून कडी घातली आहे.

तुमच्याही घरी छतात बसवलेले दिवे असतील. खालून ते किती छान दिसतात, नुसतं उजेडाचं एक वर्तुळ. त्यांच्या वरच्या बाजूला काय आहे, हे मात्र कुणी बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं.

२

आमचं घर वडगावात आहे. आप्पा साड्या विणतात. घराच्या अर्ध्या भागात माग आहेत आणि अर्ध्या भागात आम्ही. मधे एक भिंत आहे, पण ती वरच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. भिंत आणि पत्रा यांच्यात दीड हात उघडी जागा आहे. माग चालला की सुतातून बारीक पांढरी लव उडते आणि त्या जागेतून आमच्या खोलीत येते. अंथरुणावर, पुस्तकांवर, देव्हाऱ्यातल्या तसबिरींवर. आई रोज पुसते आणि रोज म्हणते, "पीठ चाळल्यागत पडतंय बघा."

दिपालीआक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून आप्पांनी आतल्या खोलीला पीओपीचं छत करून घेतलं. लव खाली पडणार नाही, पत्र्याची झळ लागणार नाही, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत भरेल ते वेगळंच. आक्काचं सासर संकेश्वरचं. दाजी साखर कारखान्यात आहेत. त्यांच्या घरी सगळं पक्कं बांधकाम आहे, हे आईच्या मनात फार.

दिवे मात्र नवे नव्हते. आप्पा ज्या दुकानाला साड्या देतात, त्यांनी आपले जुने दिवे काढून नवे बसवले होते. जुने आप्पांना दिले. पिवळ्या उजेडाचे, वाटीएवढे, छतात आत बसणारे. ते बसवायला आईचा भाचा युवराज निपाणीहून आला. तो वायरिंगची कामं करतो आणि तोंड एक क्षण बंद ठेवत नाही.

"आत्ती, ह्ये साधं दिवं न्हाईत," तो शिडीवरून म्हणाला. "ह्येच्याखाली कसली बी साडी धरा, शालू दिसती."

"मग आमची दिपाली बी शालूगत दिसंल," आई म्हणाली.

"दिसंल की. आनि दाजी बी जरा बरं दिसतील."

आई त्याला ओरडली, पण हसत. मग तो जरा गंभीर झाला. त्यानं आपला पंजा ताणून छताच्या फळीवर ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"पर ह्ये तापत्यात, मामा. लई तापत्यात. वरच्या अंगाला, चारी बाजूनं, एवढी वीतभर जागा मोकळी ऱ्हायला पायजे. कापड न्हाय, कागद न्हाय, काय म्हंजे काय न्हाय. आनि सारखं लावून ठेवू नगा."

आप्पा व्हय म्हणाले. आईनं ऐकलं की नाही ठाऊक नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

आमच्यात बाळंतिणीच्या खोलीत बारशापर्यंत दिवा विझू देत नाहीत. समई लावतात आणि घरातलं कुणीतरी तेल बघत राहतं. पण मागाच्या घरात उघडी ज्योत म्हणजे आईला कापरं भरतं. ती नवीन लग्न होऊन आली तेव्हा आमच्याच गल्लीत लव पेटून एक मागघर एका दमात जळलेलं तिनं पाहिलं होतं. तिला यातून वाट सापडली होती.

"समई नगंच," ती म्हणाली. "बाजेच्या बरोबर वर ह्यो दिवा हाय न्हवं? ह्योच ठेवू या रात्रंदिस. दिव्याला दिवा झाला आनि आगीचं भ्या न्हाय."

युवराजदादा तेव्हा बाहेर चहा पीत होता. त्यानं हे ऐकलं नाही. मी ऐकलं.

३

आक्का दवाखान्यातून बाळाला घेऊन आली. आप्पांनी त्याच दिवशी माग बंद केले. बारसं होईपर्यंत धोटा हलणार नाही, बाळ दचकतं, असं त्यांनी सांगितलं. दुकानवाल्यांचे फोन आले तरी त्यांनी ऐकलं नाही. जन्मल्यापासून मी मागाच्या आवाजात झोपत आले आहे. घर असं गप्प झालं की मला कान बधिर झाल्यासारखं वाटलं.

मी दुपारी आक्काच्या बाजेशेजारी चटई टाकून अभ्यासाला पडायची. माझी दहावी आहे. उताणं पडून पाठांतर करायची सवय असल्यामुळं मला छत सगळ्यांपेक्षा जास्त दिसायचं.

बाजेवरच्या दिव्याभोवती एक फिकट तपकिरी कडं उमटलं होतं.

मी आईला दाखवलं. "ओलं हुतं, आता वाळालंय," ती म्हणाली आणि डिंकाचे लाडू वळत राहिली. वासही येत होता. इस्त्री कापडावर जरा जास्त वेळ राहिली की येतो तसा. पण त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ ओव्याची नि वावडिंगाची धुरी असते. तिच्यापुढं कुठला वास कुणाला सांगणार?

मग मला तो दोरा दिसला.

आधी वाटलं, लवेचा धागा छतातून खाली पडतो आहे. दिव्याच्या उजेडात तो चकाकत होता. दिव्याची कड आणि छत यांच्यात नखाएवढी फट आहे. धाग्याचं एक टोक त्या फटीत होतं. मी बघत राहिले. धागा खाली पडत नव्हता. वर जात होता.

गरम हवा वर जाते. हे मी सातवीतच शिकले आहे. दिवा तापला, हवा वर चढली, हलका धागा ओढला गेला. मी स्वतःला हे नीट समजावलं आणि ते मला पटलंही. पण हवेनं जाणारी वस्तू तरंगत, भिरभिरत जाते. हा धागा सरळ होता, ताणलेला. थोडा वर जायचा आणि थांबायचा. पुन्हा थोडा. पुन्हा थांबायचा. आप्पा कांडीवरून सूत काढताना थांबून थांबून ओढतात, तसा.

मी धाग्याच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं. तो बाळाच्या दुपट्यातून निघत होता. दुपट्याचा एक कोपरा बोटभर उसवला होता.

मी उठले आणि धागा दातानं तोडला. वरचं टोक क्षणभर लोंबलं. मग फटीत सरकन गेलं.

४

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आल्या आल्या आप्पांना म्हटलं, "युवराजदादाला एकदा बोलवा." का, ते मला नीट सांगता येईना. शेवटी म्हटलं, "जळाल्याचा वास येतोय." आगीचं नाव निघाल्यावर आप्पांनी लगेच फोन लावला.

तो आला, मागघराच्या बाजूनं शिडी लावली आणि भिंतीवरच्या मोकळ्या जागेतून छताच्या वर बॅटरी मारली. आम्ही खाली उभे होतो. बॅटरी एकाच जागी धरून तो थबकला. त्याचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मामा," तो म्हणाला, "ह्ये कुनी टाकलं?"

त्यानं ओंजळ भरून खाली टाकली. पांढरी लव होती. घट्ट दाबलेली, पाखराच्या घरट्यासारखी, आणि मधोमध काळी पडलेली. हात लावला तर अजून गरम.

"दिव्याच्या डोस्क्यावर टोपी घातल्यागत बसवलंय. आनि दोन दिवस ग्येलं असतं तर समदं घर ग्येलं असतं. वीतभर जागा म्हनून सांगितलं हुतं न्हवं मी?"

"आम्ही काय बी टाकलं न्हाय रं," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "लव उडून गेली आसंल."

"माग बंद हाय म्हनालासा. मग एवढी आली कुठनं? आनि फकस्त ह्याच एका दिव्यावर?"

मनुबाई शेगडी घेऊन चालली होती. ती थांबून म्हणाली, "उंदरानं घर केलं आसंल. उंदराला बी बाळंतपणं असत्यातच की."

"मावशी, तिथं बोट ठेवलं तर फोड येतोय. उंदीर काय खुळा हाय व्हय?"

त्यानं सगळी लव काढली. प्रत्येक दिव्याच्या भोवती वीत टेकवून जागा मोजली. मग आमच्याकडचे पत्र्याचे डबे मागून घेतले, त्यांचे तळ कापले, भोकं पाडली आणि एकेका दिव्याभोवती एकेक डबा उभा केला. आता लव उडाली तरी दिव्याला चिकटणार नाही.

"आनि आत्ती, ह्यो बाजेवरचा बंद ठेवा. दुसरा लावा आलटून-पालटून."

"बंद? बारशाच्या आधी?" आईनं कपाळावर हात मारून घेतला. "बाजेवरचा दिवा विझवून लेकराला अंधारात ठेवू व्हय? काय बी बोलतोस."

"मग ते संकेश्वरचं पाव्हणं कोळशावर हात शेकायला येतील बारशाला."

"युवराज!" आप्पा ओरडले. त्यानं शिडी उचलली. पण दिवा चालूच राहिला. आप्पाही त्या बाबतीत आईपुढं जात नाहीत.

५

एका दुपारी लाइट गेली. सगळ्या गल्लीची गेली. आमचे माग बंद होतेच, आता शेजारचेही थांबले. अशी शांतता आमच्या गल्लीत फार कमी होते. लांब कुठंतरी भाजीवाला कन्नडमध्ये ओरडत होता, तोही ऐकू येत होता.

आई स्वयंपाकघरात होती. मी चटईवर होते. बाळ जागं होतं, पण रडत नव्हतं.

खट्.

अगदी हलका आवाज. दोन बोटांनी लाकडावर टिचकी मारावी तसा. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा खट्. तो वरून येत होता.

पीओपी तापून थंड होताना आवाज करतं, हे मला ठाऊक होतं. दिवा विझला, छत आकसलं, म्हणून वाजलं. बरोबर आहे. मी श्वास धरून पुढच्या आवाजाची वाट बघत राहिले. आकसणारं छत हळूहळू गप्प होतं. हा आवाज गप्प होत नव्हता. एकदा डावीकडून यायचा, एकदा उजवीकडून. मागात आडवं सूत घेऊन धोटा असाच जातो आणि येतो. हे मला कुणी शिकवायला नको.

"भागू." आक्काचा आवाज. मला वाटलं होतं ती झोपली आहे. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. "तुला बी ऐकू येतंय व्हय गं?"

मी वर छताकडं बघितलं.

"खरं सांग. मला वाटलं, मला एकटीलाच येतंय. बाळंतपणात भास होत्यात म्हणत्यात न्हवं, म्हणून आईला सांगितलं न्हाय."

"कधीपासनं?"

"आल्यापासनं." ती हळूच वळली. तिचे डोळे खोल गेले होते. "बाळ रडलं की थांबतंय. बाळ गप झालं की परत. पहिल्यांदा मला बरंच वाटलं बघ. आपल्या घरातल्या मागागत. झोप लागायची."

"आक्का, आपण सोप्यात झोपू या?"

"खुळी काय? मनुबाई मला उंबरा ओलांडू देती व्हय?" ती हसली, पण अर्धवटच. मग म्हणाली, "हात वर कर."

मी उभी राहून हात वर केला. दिवा विझून बराच वेळ झाला होता. बाहेर ढग होते, फरशी गार होती. पण बाजेच्या वर, माझ्या तळहाताला ऊब लागत होती. चुलीपुढं हात धरावा तशी. ती छताच्या सगळ्या भागात नव्हती. बाजेएवढ्याच भागात होती.

बाळ उताणं पडून नेमकं तिथंच बघत होतं. आईकडं बघावं तसं.

मी दुपट्याकडं बघितलं. कोपरा आता वीतभर उसवला होता.

६

युवराजदादा परत आला तेव्हा चेष्टा करायच्या मनःस्थितीत नव्हता. आप्पांनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं की कडं वाढलंय. ते आता ताटाएवढं झालं होतं.

त्यानं मागघरातून बॅटरी मारली.

"डबं कुनी काढलं?"

कुणीच काढले नव्हते. ते भिंतीच्या कडेला एकात एक घालून ठेवलेले होते. भांडी घासून रचावीत तसे.

त्यानं पहिल्यांदा मेन स्विच पाडला. आई काही बोलायला गेली, पण आप्पांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. मग दादानं खोलीतून बाजेवरचा दिवा खाली ओढला. तो वायरीला लोंबत राहिला आणि छतात वाटीएवढं गोल भोक दिसायला लागलं. आतला अंधार पांढुरका होता.

बाज कोपऱ्यात सरकवली होती. आक्का बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती.

"मी पलीकडनं बॅटरी मारतो," दादा मला म्हणाला. "भागू, तू स्टुलावर चढ. भोकातनं उजेड दिसला तर सांग. न्हाय दिसला तर मधी काय तरी हाय."

मी चढले. माझं तोंड भोकाजवळ आलं. आतून ऊब येत होती आणि इस्त्रीचा वास. त्याच्याखाली अजून एक वास होता, कोवळा, आंबटसर, बाळाच्या अंगाला येतो तसा.

"दिसतोय काय?" मागघरातून आवाज आला.

"न्हाय."

"आता?"

"न्हाय दादा."

"अगं बरोब्बर भोकावर मारलीय मी. बोट घालून बघ काय आडवं आलंय."

मी दोन बोटं आत घातली. लव लागेल असं वाटलं होतं. मऊ, भुसभुशीत. पण बोटांना कापड लागलं.

मी विणकराची मुलगी आहे. कापड मला डोळे मिटूनही कळतं. ते घट्ट विणलेलं होतं, उभा ताणा आणि आडवा बाणा दोन्ही सारखे. एकही गाठ नव्हती. कापड छतावर पडलेलं नव्हतं. ते ताणून धरलेलं होतं, मागावर असतं तसं. माझ्या बोटांखाली त्याचा काठ आला. काठाच्या पुढं सुटे धागे होते. अजून थोडं विणायचं राहिलं होतं. लहानसं होतं ते. दुपट्याएवढं.

मी बोट त्या सुट्या धाग्यांवरून फिरवलं, तेव्हा ते हललं. कापड हळूच माझ्या बोटांखालून सरकायला लागलं. सापासारखं नाही, उंदरासारखं नाही. आप्पा विणून झालेलं कापड गुंडाळून घेतात, तसं. सावकाश, काळजीनं, सुरकुती न पाडता.

ते पूर्ण सरकलं आणि भोकात बॅटरीचा उजेड आला.

मी आणि बॅटरी यांच्यामधे काहीतरी होतं. पत्र्याखाली माणूस बसू शकेल एवढी उंची तिथं नाही. पण ते बसलेलं होतं, मान पूर्ण आडवी करून. मला चेहरा दिसला नाही. कापडाचं टोक दिसलं आणि ते टोक धरलेलं दिसलं. धरणारी बोटं टोकाशी काळी होती, वातीच्या टोकासारखी. त्यांतलं एक बोट सावकाश माझ्या बोटाकडं आलं.

"भागू, हात काढ!" युवराजदादा पलीकडून ओरडला. "हात काढ म्हनतो! बघू नगंस, खाली उतर!"

मी कशी उतरले मला आठवत नाही. मागघरात शिडी पडल्याचा आवाज आला. दादा आत आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता. त्यानं आप्पांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. मला फक्त शेवटचं ऐकू आलं.

"बाहीर काढा त्यास्नी. आत्ताच्या आत्ता. उंबरा-बिंबरा ऱ्हाऊ द्या."

तो हत्यारांची पिशवी तशीच टाकून गेला. फोन उचलत नाही. आप्पांनी आतापर्यंत कुणालाही काही सांगितलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लव साठली हुती. दुसरं काय न्हाय." आणि माझ्या बोटांकडं बघत राहिले. दोन्ही बोटांच्या टोकांना फोड आले आहेत.

७

आक्का आणि बाळ कालपासून सोप्यात आहेत. मनुबाईनं डोक्याला हात लावला, पण आप्पांचा आवाज ऐकून गप्प बसली. आई सारखी देव्हाऱ्यापुढं जाते. तिला दोन्हीकडून भीती वाटते. दिवा विझवला याची एक आणि दिवा लावला होता याची एक.

सगळे दिवे काढले आहेत. वायरी कापून त्यांना चिकटपट्टी लावली आहे. मेन स्विच तेव्हापासून पाडलेलाच आहे. घरात लाइट नाही. मी खिडकीच्या उजेडात लिहिते आहे.

सकाळी आक्काला ताप भरला. टाकेही दुखायला लागले. म्हणून आई तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेली. आप्पा छत फोडायला माणूस बघायला गेले आहेत. मनुबाई आता येईलच. तोपर्यंत बाळ माझ्याकडं. "उठायचं न्हाय, दार उघडायचं न्हाय, त्याला खाली ठेवायचं न्हाय," असं आप्पांनी तीनतीनदा सांगितलं. मी मान हलवली.

हे सगळं मी एवढ्यासाठीच लिहिते आहे की आमच्या घराला उद्या काही झालं, तर लोक म्हणतील दिव्यामुळं झालं. वायरिंग खराब होतं, लव साठली होती. ते खोटं नाही. त्या दिव्यानं घर जळलंच असतं. पण लव आपोआप साठली नव्हती, हे कुणालातरी ठाऊक असावं. तिथं कुणीतरी ऊब धरून ठेवत होतं. ती ऊब स्वतःसाठी होती की बाळासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

बाळाचे पाय गार आहेत. मी मघापासून चोळते आहे. मनुबाई म्हणते, बाळाचे पाय गार पडले की लगेच शेक द्यायचा. पण शेगडी आतल्या खोलीतच राहिली आहे.

इस्त्रीचा वास येतो आहे. शेजारी कुणी इस्त्री करत असेल. त्यांच्याकडं लाइट आहे.

दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड येतो आहे. मघाशी नव्हता. आत खिडकी आहे, ऊन फिरलं असेल. पण ती खिडकी पूर्वेला आहे.

दुपट्याचा कोपरा नीट करायला गेले तर हाताला धागा लागला. तो फरशीवरून जातो आहे. सरळ, ताणलेला. दाराखालून आत गेला आहे. थोडा सरकतो आणि थांबतो. मी तो तोडणार आहे. पण दोन्ही हात अडकलेत आणि वाकले तर बाळ जागं होईल.

बाळ जागंच आहे. दाराकडं बघतं आहे. रडत नाही.

"भागू."

आक्काचा आवाज आहे. आतून.

"भागू, अगं बाळाला आत आण की. गार पडलंय ते."

परसातून आतल्या खोलीला एक दार आहे. आक्का दवाखान्यातून परत आली असेल आणि मागच्या दारानं आत गेली असेल. तसंच असणार. रिक्षा मागच्या बोळात थांबते कधीकधी. तिला तापात आठवलं नसेल की त्या खोलीत जायचं नाही. बाळाचे पाय आता खरंच बर्फासारखे झालेत आणि ती आई आहे त्याची, तिला माझ्यापेक्षा जास्त कळणार. मी दार उघडणार नाही. फक्त कडीपर्यंत जाऊन विचारणार आहे की आक्का, तूच आहेस ना, आणि आई कुठं

"भागू, ये की गं. झालंच हाय आता, एवढा काठ तेवढा"